मी धुयानी

जळगावात नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांना स्वतःची ओळख इंग्रजीतून करून द्यायला सांगितली, की नाव आणि शिक्षण सांगून झाल्यावर तिसरं वाक्य ठरलेलं असतं. आय बिलाँग टू चोपडा. आय बिलाँग टू पारोळा. आय बिलाँग टू शिरपूर, डिस्ट्रिक्ट धुळे. मी इंग्रजी शिकवते. दरवर्षी नव्या मुलांच्या तोंडून हे वाक्य ऐकते आणि दरवर्षी मला ते बरं वाटतं. मुलाखतीच्या क्लासमध्ये मात्र ते बदलायला लावतात. गाव सांगायचं असेल तर आय ॲम फ्रॉम म्हणा, बिलाँग हे वस्तूंबद्दल नाहीतर एखाद्या गटाबद्दल म्हणतात, असं समजावतात. प्रमाण इंग्रजीच्या हिशेबाने हा सल्ला बरोबरच आहे. लंडनचा माणूस आपलं गाव सांगताना सहसा बिलाँग म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र म्हणतात. ग्लासगोच्या लोकांचं एक लाडकं गाणं आहे, विल फाइफ या रंगभूमीवरच्या कलावंताचं, 1920 च्या आसपासचं. त्याच्या नावातच हा शब्द आहे. म्हणजे आमचा चोपड्याचा मुलगा या बाबतीत एकटा नाही.

या मुलांनी हे वाक्य पुस्तकातून उचललेलं नाही. त्यांच्या मनात आधी दुसरं वाक्य तयार असतं. घरी, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ती ते रोज बोलतात: मी चोपडाना. मी पारोयाना. मी शिरपूरनी. या 'ना-नी'ला इंग्रजीत कुठे बसवायचं याचा शोध घेताना त्यांना बिलाँग सापडतो, आणि फ्रॉम अपुरा वाटतो. फ्रॉम म्हणजे तिथून निघालो, आता इथे आहे. त्यांना निघाल्याचं सांगायचंच नसतं.

बिलाँग हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून लिखाणात दिसतो. तेव्हाचं त्याचं रूप 'बिलाँगेन'. त्यातला 'बि' हा क्रियापदाला जोर देणारा, आणि 'लाँगेन' म्हणजे शोभणं, लागू असणं, बरोबर चालणं. त्याच्याही मागे जुन्या इंग्रजीत 'गेलांग' असा शब्द आहे. हाताशी असलेला, लगत असलेला, कुणावर अवलंबून असलेला, असे त्याचे अर्थ. जर्मन आणि डच भाषांतही या कुळातले शब्द आहेत. कोश जुना अर्थ देतात तो असा: एखाद्या गोष्टीची योग्य सोबत म्हणून तिच्याबरोबर असणं. ही वस्तू माझ्या मालकीची आहे, हा अर्थ त्याच शतकात पण थोडा मागून येऊन चिकटला, आणि आज तोच आधी डोळ्यांपुढे येतो. बिलाँगिंग्ज म्हटलं की ट्रंका, पिशव्या, सामानसुमान.

सोबत आधी आणि मालकी मागून, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लाँगिंग म्हणजे ओढ, आणि तो शब्द बिलाँगिंगच्या पोटात बसलेला दिसतो, म्हणून आपलेपणात ओढ लपलेली आहे असं पुष्कळ जण लिहितात. दोघांचं कूळ त्या एकाच 'लाँग'पर्यंत जातं हे खरं. पण ओढीचा अर्थ वेगळ्या वाटेने, मन दूरवर लांबत जाण्यावरून आलेला आहे. मला त्या जुळवाजुळवीची गरजही वाटत नाही. लगत असणं एवढा अर्थ पुरेसा भारी आहे.

आता 'ना-नी'कडे येते. रामाचं घर, हे मराठीत. अहिराणीत रामनं घर. गुजरातीत रामनुं घर. म्हणजे कोण कुणाचं हे सांगणारा जो प्रत्यय, ज्याच्यावर सगळी आपुलकी उभी, तोच आमच्या बोलीत मराठीपेक्षा गुजरातीच्या जवळचा आहे. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीत खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात जागा मिळालेली नाही; 1907 च्या ज्या भागात भिल्ली बोली आहेत, त्यात तिला घातलं आहे. जनगणनेतही खान्देशी मराठीत न मिळवता स्वतंत्र मोजतात. 2011 मध्ये ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार होते. घरात अहिराणीच बोलणाऱ्या कित्येकांनी फॉर्मवर मराठी सांगितलं असणार, कारण शाळेत आम्हाला तसंच शिकवलं आणि त्यात काही खोटंही नाही. भाषा कुणाची यावर विद्वान भांडत राहिले. बोलणाऱ्यांनी तिला कधी वाऱ्यावर सोडलं नाही. बाजारात भाजी घेताना, बैल हाकताना, मयतीला रडताना ती बरोबर राहिली.

या बोलीतला एक प्रश्न माझ्या लहानपणाचा मोठा भाग व्यापून आहे. माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. आजोळी गेलं की ओट्यावर बसलेली कुणीही म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारायची, "कोनी आंडेर शे वं माय तू?" आंडेर म्हणजे लेक, मुलगा असेल तर आंडोर. नाव काय, हे तिला नकोच असायचं. नाव सांगितलं तरी ती तोच प्रश्न पुन्हा करायची: कोनी? मग आईचं नाव, मामाचं नाव, गल्ली, असं करत तिच्या मनातल्या एका जागी आपण जाऊन बसलो की ती हात खाली घ्यायची आणि म्हणायची, "मंग अशी सांग ना." त्यानंतर पाणी, गुळाचा खडा, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. कुणाची तरी असणं ही तिच्या दारात आत येण्याची चिठ्ठी होती.

हा प्रश्न खान्देशात जास्त विचारला जातो त्याचं एक साधं कारण आहे. कोकणात, देशावर आडनावालाच गाव जोडलेलं असतं. कर लावला की निम्मी ओळख झाली. आमच्याकडे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, पवार यांची इतकी गर्दी, की नुसत्या आडनावावरून काहीच कळत नाही. एका वर्गात निम्मे पाटील आणि त्यांच्याही जाती वेगवेगळ्या. मग 'कुठले पाटील' हा प्रश्न निघतो, आणि त्याचं उत्तर गावाने द्यायचं असतं. कधी गावही पुरत नाही, तेव्हा वाड्याचं, विहिरीचं, शेताच्या शिवाराचं नाव सांगावं लागतं. विहीरवाले पाटील, चावडीजवळचे पाटील. या प्रश्नाला दुसरी, काळी बाजूही आहे. कुठले पाटील असं विचारणाऱ्याला पुष्कळदा जातच हवी असते, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्या वागण्यात होणारा फरक माझ्या विद्यार्थ्यांनी भाड्याची खोली शोधताना सोसलेला आहे. गुळाचा खडा आणि बंद दार, दोन्ही त्याच प्रश्नातून निघतात. म्हणून त्याचं नुसतं कौतुक माझ्याने होत नाही.

खान्देश हे नावसुद्धा कागदावर कुणाचं राहिलेलं नाही. फारुकी राजे स्वतःला खान म्हणवत म्हणून खान्देश, कान्हाचा देश म्हणून कान्हदेश, अशा त्याच्या उत्पत्ती सांगतात. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून मुलखाचं नाव दानदेश केलं. फर्मान बादशहाचं होतं, नाव शाहजाद्याचं होतं, तरी लोकांनी ते तोंडात धरलं नाही. इंग्रजांनी 1906 मध्ये जिल्हा तोडून पूर्व आणि पश्चिम खान्देश केले. 1960 नंतर त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज खान्देश नावाचा जिल्हा नाही, विभाग नाही; सरकारी बोलण्यात उत्तर महाराष्ट्र असतो. तरीही पुण्याच्या हॉटेलांच्या पाट्यांवर खान्देशी शेवभाजी, सुरतेच्या मंडळांच्या फलकांवर खान्देश, लग्नाच्या पत्रिकेत खान्देश. नकाशाने सोडलेलं नाव लोक असं बरोबर घेऊन हिंडतात.

धुळ्याला गेले की मी राजवाडे संशोधन मंडळाकडे जाते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्याचे नव्हेत. जन्म 1863 चा, कोकणातल्या घराण्यातला; शिक्षण आणि कामाची पहिली वर्षं पुण्यातली. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढणारा, गावोगावी दप्तरं धुंडाळत फिरणारा हा माणूस कोणत्याच गावाला चिकटून राहिला नाही. पुण्यात 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने निघालं आणि पुढे तेही त्यांनी सोडलं. शेवटची वर्षं धुळ्यात गेली. 31 डिसेंबर 1926 ला तिथेच वारले. नंतर लगेच, 1927 मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं आणि त्यांनी जमवलेले कागद, टिपणं, पोथ्या सांभाळायला घेतल्या. ज्या माणसाने मराठी शब्दांची मुळं खणण्यात डोळे झिजवले, त्याचा धातुकोश कृ. पां. कुलकर्ण्यांच्या हातून संपादित होऊन निघाला, तो या धुळ्याच्या मंडळाकडून.

'आपला' हा शब्द मूळचा आत्मन् वरून आलेला; प्राकृतात अप्प, मग आप, आपण, आपला. स्वतःपासून निघून तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. राजवाडे धुळ्याचे 'आपले' कसे झाले याचा विचार केला की मला त्या मंडळातली कपाटं आठवतात. लाल-पिवळ्या रुमालांत बांधलेली दप्तरं, त्यांवरच्या चिठ्ठ्या, वाळवी लागू नये म्हणून चाललेली काळजी. एखाद्याचे जुने कागद उन्हाळ्या-पावसाळ्यातून जपणं हे कोरडं, किचकट काम आहे. त्यात भाषणं नाहीत. ते धुळ्याने केलं. राजवाड्यांना 'कुठले' असं विचारलं तर मी धुळ्याचे म्हणेन, आणि माझ्या मते त्यात जन्मगावाचा काहीच अपमान होत नाही.

साने गुरुजींचंही तसंच. पालगड रत्नागिरीकडचं, अमळनेरला आले ते आधी तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, मग 1924 पासून प्रताप हायस्कुलात शिकवायला. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, तेव्हा उतरवून घेणारा हात त्यांचा होता. 1936 चं फैजपूर काँग्रेस, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, त्यासाठी ते गावागावांतून हिंडले. अमळनेरची माणसं त्यांना आमचे गुरुजी म्हणतात आणि कोकणातला कुणी त्यावर हरकत घेत नाही. एक माणूस दोन्हीकडचा असू शकतो. मालकीच्या हिशेबात हे जमत नाही; एक शेत दोघांच्या नावावर आलं की कोर्ट लागतं. सोबतीच्या हिशेबात जमतं.

कागद मात्र मालकीचाच हिशेब मागतो. इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा असेल तर 13 ऑक्टोबर 1967 ला तुमचं घर कुठे राहत होतं याचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी त्याच वर्षीचा 6 सप्टेंबर. जून महिना आला की माझे विद्यार्थी आणि त्यांचे वडील या तारखांच्या मागे धावत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर, त्यातला आजोबांचा निर्गम उतारा, तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल. एका मुलीबरोबर मी स्वतः बसून अशी नक्कल वाचली आहे. मोडीतली ओळ, शेजारी ती वाचून देणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेलं बाळबोध. बापाचं नाव होतं, गाव होतं, जन्मलेल्या मुलाचं नाव नव्हतं. नुसतं 'मुलगा 1'. तो मुलगा म्हणजे हिचे पणजोबा. 'मुलगा एक' हे आपले पणजोबाच, हे सिद्ध करायला तिला आणखी कागद लागले. मुलगी रडली नाही, रागावली. मला तिचा राग योग्य वाटला.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, शिरपूरकडे, पावरा आणि भिल्ल कुटुंबांचे वनहक्काचे दावे असतात. 2006 च्या कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जंगल आधीचं की वनखातं आधीचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. पण त्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट चांगली आहे. गावातल्या दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं, तर तेही पुरावा धरलं जातं. हा इथे राहत होता, याच्या बापाने ते महूचं झाड राखलं, मी पाहिलं आहे. असं म्हाताऱ्याने सांगायचं आणि ते कागदावर यायचं. ओट्यावरच्या म्हातारीचा प्रश्न इथे सरकारनेच मान्य केला आहे. दावे नाकारले जातात, वर्षानुवर्षं पडून राहतात, हे खरंच; पण कुणी कुठला हे शेजाऱ्याने सांगायचं असतं, ही समज कायद्यात आली याची मला किंमत वाटते.

खान्देश सोडून गेलेल्यांची सगळ्यात मोठी गर्दी सुरतेला आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत रिक्षावाल्याशी अहिराणीत बोललात तरी काम होतं. जळगावहून धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत उधन्याला जाणारी तापीकाठची रेल्वे ही आमची घरची वाट. कापसाने दगा दिला, शेताचे तुकडे झाले, गावच्या मिलचे भोंगे बंद पडले, की माणसं त्या गाडीत बसली. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल नावाचा मॉल आहे. माझे थोरले दीर उधन्याला लूमवर गेले आणि तिथलेच झाले. मुलं गुजराती शाळेत शिकली. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी. आपण कुठले, असं त्या मुलांना विचारलं की ती सुरतचं नाव घेतात, आणि कुणी पुढे विचारलं नाही तरी स्वतःहून म्हणतात, पण गाव अमळनेर.

वर्षातून एकदा मात्र गाडी उलटी भरते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाईचा. माझं सासर अमळनेर तालुक्यातलं, आणि त्या आठवड्यात आमच्या घराच्या ओसरीत चपला ठेवायला जागा नसते. दिवाळीला न आलेला माणूस रोटाला येतो. कानबाईची रीत घराघराची वेगळी, म्हणून मी आमच्या घरचीच सांगते. नारळाला नाक-डोळे लावून, नथ घालून, नवं लुगडं नेसवून चौरंगावर देवी बसवतात. रविवारची रात्र गाण्यांची आणि फुगड्यांची. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. पण घराला बांधून ठेवणारी गोष्ट आहे ती रोट.

रोटासाठी गहू मोजायचा तो माणसागणिक. आमच्या सासूबाई सूप पुढे घेऊन बसतात, अंगाला पाणी लागलेलं, केस ओले. कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात सोडायचा. आधी भरलेली मूठ, मग चार बोटांच्या टोकांनी उचललेला पाव. थोरल्यापासून सुरुवात. मग उधन्याचे, नाशिकचे, जो आलेला नाही त्याचाही. तान्ह्या मुलाचंही नाव पुकारलं जातं. गहू सुपावर पडताना बारीक सरसर आवाज होतो आणि तेवढ्यात कुणी बोलत नाही, कारण नाव चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. हे दळण वेगळं दळायचं, गिरणी पुसून घेऊन. पीठ चाळायचं नाही. त्याच्या पुरणाच्या पोळ्या, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी, खीर. आणि त्याच कणकेचे दिवे. हे जेवण फक्त भाऊबंदांनी जेवायचं. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला हे ताट नाही. हात धुतलेलं पाणीही कुणी ओलांडू नये म्हणून खड्ड्यात ओततात. आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं.

सून आली की तिला सासरचा रोट चालतो, त्या दिवसापासून ती या कुळाची. लेक लग्न होऊन गेली की तिला माहेरचा रोट चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी साक्रीला होते. आईने माझं ताट स्वयंपाकघराच्या दुसऱ्या बाजूला मांडलं. वेगळ्या पिठाची पोळी, वेगळी भाजी, वेगळी वाटी. चुलत्यांच्या पंगतीत माझा धाकटा भाऊ बसला होता, मागच्या वर्षी मी त्याच्या शेजारी होते. आई माझ्या ताटात तूप वाढत होती आणि पावसाबद्दल बोलत होती. तिच्या ताटात रोट होता, कारण ती तिथली सून. तिच्या माहेरी तिलाही कुणीतरी असंच वेगळं ताट मांडलं असणार. घरात कुणी वाईट वागलं नाही, आणि कुणाला त्यात काही घडलं असं वाटलंही नाही. मला वाटलं. आजही वाटतं.

बहिणाबाई चौधरींचा जन्म 1880 चा, आसोद्यातला. लग्न होऊन त्या जळगावात आल्या. आज जळगाव वाढत वाढत आसोद्याच्या जवळ जाऊन पोहोचलं आहे. सायकलवर जाऊन यावं इतकं ते अंतर. तरीही त्यांच्या कवितेत माहेराची वाट इतकी लांब आहे, की वाचताना सबंध आयुष्य चालावं लागतं. अंतर रस्त्याचं नव्हतंच. एका दिवसात बाईच्या नावामागचा 'ची' बदलतो. जळगावची सून, आसोद्याची लेक; लेक हा शब्द राहतो, ताट उचललं जातं. मला विचारलं तर मी आजही धुयानीच म्हणते. जळगावात घर आहे, नोकरी आहे, मुलीची शाळा आहे, आणि जळगाव माझं नाही असं मुळीच नाही. पण म्हाताऱ्या बाईने 'कोनी' असं विचारलं, तर तोंडातून वडिलांचं नाव निघतं.

कुळाची रीत ही सोबतीची रीत आहे की मालकीची, हा प्रश्न मला रोटाच्या पंगतीत दरवर्षी पडतो. सोबतीची असेल तर ज्या मुलीने त्या घरात पाणी भरलं, भावंडांना उचलून हिंडवलं, आजीचे पाय चेपले, ती लगतच होती; तिच्याइतकं लगत कोण होतं? ज्याला गाव आठवत नाही अशा उधन्याच्या नातवाच्या नावाने मूठ पडते, ती पडावीच. पण सूप धरून बसलेल्या पोरीच्या नावाने का पडत नाही?

हे मी घरात बोलून दाखवलं ते माझ्या मुलीच्या तोंडून निघाल्यावर. तीच सूप धरून बसली होती. नावं संपली तशी तिने विचारलं, "आजी, मनी मूठ?"

सासूबाई म्हणाल्या, "तू रोट खास ना? तुना बापनी मूठमातच तुनी शे."

"दादानी तं येगळी शे."

सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, आई, तिच्या नावानेही टाका, गहू काही कमी नाही. जाऊबाई उधन्याहून आलेल्या, रीतीला कडक. त्यांचा मुद्दा साफ होता: उद्या हिचं लग्न होईल, हिचं कूळ बदलेल, मग त्या मुठीचं काय? नाव घेऊन मागे घ्यायचं का? त्यात देवीचा कोप आहे. मी म्हणाले, मागे का घ्यायचं, आली तर जेवेल. जाऊबाई म्हणाल्या, असं कुठे असतं का. तो प्रश्न खोटा नव्हता. ज्या घरात चुलीपासून चौरंगापर्यंत सगळं कोण कुणाचं यावर उभं आहे, तिथे एका मुठीने खरंच पुष्कळ हलतं.

सासूबाई बराच वेळ सुपातले खडे निवडत राहिल्या. सुपात खडे नव्हतेच. मग त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाल्या, "तिनंबी नाव ले."

"आन् लगीन व्हयनं मंग?" जाऊबाई.

"तवयनं तवय देखूत."

नाव मीच घेतलं. सव्वा मूठ पडली, वर चिमूटभर जास्तच. त्यानंतर जाऊबाई त्या दिवशी माझ्याशी फार बोलल्या नाहीत, पण पोळ्या लाटायला माझ्या शेजारीच बसल्या आणि पुरण मऊ झालंय म्हणून मलाच रागावल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली आहेत, दोघी उधन्याला शिकतात, धाकटीला पोळीपेक्षा गंगाफळाची भाजी आवडते. पुढच्या श्रावणात त्यांची नावं घ्यायची की नाही, यावर आमचं फोनवर अजून बोलणं चालू आहे.